रुळांच्या आधीचा डोंगर

मॅटरहॉर्न समुद्रसपाटीपासून ४,४७८ मीटर उंच आहे. पायथ्याच्या झेरमाट गावातून मोजला तरी तो पावणेतीन हजार मीटरहून अधिक वर उठतो. मॉडेल रेल्वेच्या जगात सगळ्यात जास्त चालतं ते १:८७ हे प्रमाण. त्या हिशेबानं, गावाच्या वरचाच डोंगर धरला तरी, तो ३३ मीटरचा व्हायला हवा. दहा-अकरा मजली इमारतीएवढा. हॅम्बुर्गच्या ‘मिनिआटूर वुंडरलांड’मध्ये तो सुमारे सहा मीटरचा आहे. त्याच प्रदर्शनातल्या गाड्यांचे डबे, घरं आणि माणसं मात्र १:८७ला धरून. डब्याला एक न्याय आणि डोंगराला दुसरा, तरी पाहणाऱ्याला काही खटकत नाही.

हा दुहेरी न्याय कुठून आला याचा माग काढत गेलं, की मॉडेल रेल्वेतला डोंगर रेल्वेहून जुना निघतो. पहिली आगगाडी धावायच्या दीडशे वर्षं आधी लोक टेबलावर जमीन घडवत होते, रेशमाची झाडं लावत होते, बुचाच्या सालीचे कडे उभारत होते. गाडी तिथं फार उशिरा आली. आणि हा डोंगर एका नव्हे, दोन घराण्यांतून आला. एक घराणं मापाचं, दुसरं देखाव्याचं. दोघांचं पाहणंच वेगळं होतं.

राजाचं टेबल

१६६८ साली फ्रान्सचा युद्धमंत्री लूव्वा यानं चौदाव्या लुईला सुचवलं, की सीमेवरच्या तटबंद शहरांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात. नकाशे होते, पण कुठल्या टेकाडावरून तोफेचा गोळा नेमका तटावर येईल, हे सपाट कागद सांगत नाही. म्हणून तट, खंदक, घरं, चर्च आणि भोवतालचं रान, सगळं बहुतेक १:६०० या एकाच प्रमाणात लाकडावर उभं राहू लागलं. भिंतींना रंगवलेला कागद, जमिनीला वाळू, झाडांना बारीक तारेवर चढवलेलं रेशीम. ही कामं लष्करी गुपित होती. कारागीर मोजणी करायला त्या त्या शहरात जात आणि उतारांची टिपणं घेऊन येत. थांबत-चालत हे काम दोनशे वर्षं टिकलं. त्यातल्या शंभरएक प्रतिकृती आजही शिल्लक आहेत, पॅरिसच्या अँव्हालीदमध्ये आणि काही लील शहरात.

या घराण्याचा नियम सरळ होता. जे आहे ते मोजायचं, मोजलं तेच करायचं, आणि पाहायचं ते वरून. राजा आणि त्याचे सेनापती टेबलावर वाकून शहर बघत. सुंदर दिसावं म्हणून एखादी टेकडी दोन बोटं सरकवली असती, तर उद्या तोफ चुकीच्या जागी लागली असती.

हाच नियम पुढे डोंगरांवर गेला. ल्युसर्नचा फ्रान्त्स लुडविग फीफर फ्रेंच सैन्यात मोठ्या हुद्द्यावर होता. १७६२ ते १७८६ अशी चोवीस वर्षं खर्चून त्यानं मध्य स्वित्झर्लंडचा प्रदेश उठावात घडवला. त्या वेळी आल्प्सच्या त्या भागाचे धड नकाशेही नव्हते. तो स्वतः डोंगर चढून मोजमापं घेत असे. ती प्रतिकृती अजून ल्युसर्नमध्ये पाहायला मिळते. डोंगर हाच जिचा मुख्य विषय आहे, अशी इतकी मोठी प्रतिकृती युरोपात त्याआधी क्वचितच कुणी केली असेल.

गोठ्याचा देखावा

दुसरं घराणं भक्तीतून आलं. येशूच्या जन्माचा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी सुरू केली, असं मानतात. अठराव्या शतकात नेपल्समध्ये या देखाव्याला बहर आला. तिथला राजा चार्ल्स बूर्बाँ स्वतः त्याचा शौकीन होता, मग सरदार-सावकारांत चढाओढ लागली. बाळ येशू एका कोपऱ्यात राहिला आणि उरलेल्या जागेत अख्खं नेपल्स आलं: मासेवाले, खानावळ, भिकारी, भाजीचे ढीग. माणसांची डोकी भाजलेल्या मातीची, अंग तारेवर गुंडाळलेल्या तागाच्या काथ्याचं. आणि मागचे कडे बुचाच्या झाडाच्या सालीचे. सालीचा भेगाळ पोत हुबेहूब खडकासारखा दिसतो. म्हणूनच ती आजही मॉडेल रेल्वेच्या दुकानांत ‘खडक’ म्हणून विकली जाते.

या कारागिरांना तोफ लावायची नव्हती. समोर गुडघे टेकलेल्या माणसाला ते दृश्य खरं वाटलं की झालं. म्हणून पुढची माणसं मोठी आणि मागची लहान करत, म्हणजे हातभर जागेत मैलभर खोली येते. मागच्या बाजूनं कुणी पाहणार नाही, तर तिथं काही करायचंही नाही. इथली नजर समोरून, बाहुल्यांच्या उंचीवरून.

ही प्रथा पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली; नाताळात तिथल्या ख्रिस्ती घरांत मांडला जाणारा गोठा याच कुळातला. मोरेव्हियन पंथाच्या जर्मन लोकांनी आपली अशीच प्रथा अमेरिकेत नेली. १७४१ साली पेनसिल्व्हेनियात त्यांनी वसवलेल्या गावाचं नावच बेथलेहेम. तिथं नाताळच्या आधी लोक जंगलातून शेवाळ, दगड, झाडांची खोडं आणून घरात छोटा मुलूख मांडत. पुढे दिवाणखान्यात नाताळचं झाड आलं आणि मुलूख त्याच्या बुंध्याशी गेला. मग विसाव्या शतकात त्या मुलखाभोवती रूळ पडले. नाताळच्या झाडाभोवती फिरणारी गाडी हे अमेरिकेचं ठरलेलं चित्र. त्यात रान आधी होतं. गाडी पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली.

पेनसिल्व्हेनियातच लॉरेन्स गीरिंगर यांनी घरातल्या नाताळच्या मांडणीतून ‘रोडसाइड अमेरिका’ उभं केलं. १९३५ला सुरू झालेलं हे प्रदर्शन १९५३ पासून शार्टल्सव्हिल गावी मोठ्या इमारतीत होतं आणि २०२० साली बंद झालं. दिवे मंदावून रात्र करायची, खिडक्या उजळायच्या, पुन्हा पहाट आणायची, हा तिथला ठरलेला कार्यक्रम. प्रार्थनेची वेळ सरून खेळाची झाली, पण मांडणी देवघराचीच राहिली.

सतरंजीवरची गाडी

खेळण्यातली गाडी मात्र जमिनीवर, म्हणजे घराच्या फरशीवर जन्मली. सुरुवातीच्या पत्र्याच्या गाड्या रुळांशिवायच ढकलत. जर्मनीतल्या गॉपिंगेनची मेर्कलिन कंपनी मूळची बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची भांडी करणारी. १८९१ साली लाइपत्सिगच्या जत्रेत तिनं किल्लीची गाडी आणली, सोबत आठच्या आकड्यात जोडता येणारे रूळ आणि ठरीव गेजं, म्हणजे दोन रुळांमधली अंतरं. आता दर नाताळात थोडे रूळ, एक स्टेशन, एक सिग्नल असं वाढवत नेता येऊ लागलं. व्यापाराच्या दृष्टीनं ही नामी कल्पना होती.

पण देखावा नव्हता. पत्र्याचा रंगवलेला बोगदा विकत मिळे, आणि तो सतरंजीवर एकटाच उभा राही, डोंगराशिवाय. कारण उघड होतं. फरशी घराची होती, रात्री रूळ उचलावेच लागत. जी जमीन संध्याकाळी गुंडाळून कपाटात ठेवायची, तिच्यावर डोंगर कसा उभा राहणार?

हे कोडं आकारानं सोडवलं. त्या काळी घराघरांत चालणारं ‘शून्य’ गेज ३२ मिलिमीटरचं होतं. वळण घ्यायला त्याला अर्धी खोली लागे. १९२२ साली न्यूरेम्बर्गच्या बिंग कंपनीनं साधारण निम्म्या रुंदीची टेबलावरची गाडी काढली, आणि १९३५ साली मेर्कलिन व ट्रिक्स यांनी त्याच आकारात विजेवर चालणारे संच आणले. इंग्लंडमध्ये हॉर्नबी १९३८ साली ‘डब्लो’ घेऊन आलं. गाडी टेबलावर मावली. टेबल एका कोपऱ्यात कायमचं राहू शकतं, आणि जे कायमचं राहतं त्याच्यावर प्लास्टर ओतता येतं.

हॉर्नबीनं याआधीच, १९३१ साली, स्टेशनावर ठेवायला हमाल, उतारू, शेतातली जनावरं आणि पुढे मोटारी असा छोटा माल काढायला सुरुवात केली होती. १९३४ साली त्या मालाला ‘डिंकी टॉईज’ हे नाव मिळालं. जगभरच्या पोरांच्या खिशात गेलेल्या त्या मोटारी मुळात रेल्वेच्या देखाव्यातलं किरकोळ सामान होत्या.

दोन घराण्यांची गाठ

तरीही १९३०च्या दशकापर्यंत गाडी हीच नायिका होती. इंजिन घासूनपुसून लखलखीत ठेवायचं आणि आजूबाजूला चार हिरवी झाडं रोवायची. लंडनच्या जॉन अहर्न यांनी हे उलटवलं. त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘मॅडर व्हॅली’ ही कल्पित खोऱ्यातली छोटी रेल्वे रचायला घेतली. पुठ्ठ्याची घरं, बंदर, गल्ल्या, आणि या सगळ्यांतून वाट काढत जाणारी एक गरीब गाडी. घरं इंग्लंडभरच्या खऱ्या इमारतींवरून घेतलेली, गाव मात्र कुठल्याच नकाशात नाही. १९५१ साली त्यांनी छोट्या प्रमाणातली जमीन कशी घडवायची यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. गाडीचा उल्लेखही नसलेलं शीर्षक घेऊन देखाव्यावरचं पुस्तक बाजारात यावं, हीच बदलाची खूण होती.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाहून १९२५ साली इंग्लंडला आलेले रॉय इंग्लंड ‘व्हाइट हॉर्स’च्या खोऱ्यात जुनी घरं मोजत फिरत होते. गवती छपरांची ती घरं डोळ्यांदेखत बदलत होती. ती जाण्याआधी खिडकीच्या चौकटीपासून बागेतल्या वेलीपर्यंत नोंदवायची आणि एका फुटाला चार मिलिमीटर या मापानं पुन्हा उभी करायची, असा त्यांचा ध्यास. १९५४ साली लाँग विटनहॅम इथं त्यांचं पेंडन संग्रहालय सुरू झालं. एकेका झोपडीला स्वयंसेवकांची वर्षं लागतात. फ्रान्सच्या राजाचे कारागीर जे किल्ल्यांसाठी करत, तेच इथं शेतकऱ्याच्या घरासाठी झालं. पण गंमत पाहा: घरं सगळी खरी, मापं सगळी खरी, तरी ज्या गावात ती एकत्र नांदतात ते ‘पेंडन पार्वा’ गाव कल्पित आहे. मैलोगणती पसरलेली खेडी खोलीत आणायची तर मधली शेतं गाळावीच लागतात. मापाच्या घराण्यानं इथं पहिल्यांदा उघडपणे दुसऱ्या घराण्याचं ऋण काढलं. अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ त्यांच्यानंतर पेंडनमध्येच आली, हेही यथायोग्य.

अटलांटिकपलीकडे, कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथं जॉन अॅलन यांनी ऋण वगैरे न काढता सरळ देखाव्याचं घराणं चालवलं. ते व्यवसायानं छायाचित्रकार. तळघरात त्यांनी फरशीपासून छतापर्यंत डोंगर चढवले; दऱ्या पाहणाऱ्याच्या गुडघ्याखाली जात आणि शिखरं डोक्यावर. कुठं आरसा लावून रस्ता लांबवलेला, कुठं मागचं घर मुद्दाम लहान केलेलं. नेपल्सच्या कारागिरांना यातलं काही नवं वाटलं नसतं. इतरांची इंजिनं चकचकीत असताना अॅलन यांनी काजळी, गंज आणि धूळ चढवून ती वापरातली केली. त्यांच्या यार्डात डबे ओढायला एमा नावाचा डायनोसॉर होता आणि तोही खपून जाई, कारण बाकी सगळ्यावर विश्वास बसलेला असे. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचं निधन झालं आणि काही दिवसांतच लागलेल्या आगीत या मांडणीचा, म्हणजे लेआउटचा, बहुतेक भाग गेला. उरले ते त्यांनीच काढलेले फोटो. पुढच्या पिढीतल्या बहुतेकांनी त्यांचे डोंगर फक्त फोटोत पाहिले, आणि फोटोतलं तेच खरं धरून आपले लेआउट केले.

उसनं सामान

या कलेचा खरा इतिहास मात्र सामानाचा आहे, आणि त्यातलं जवळजवळ काहीच तिचं स्वतःचं नाही. आधी लाकडी फळ्या, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, जाळीवर प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड. हे जड काम होतं आणि हात कापून घेण्याचंही. अमेरिकेत १९३४ पासून निघणाऱ्या ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी १९६०च्या दशकात याची घडीच बदलली. त्यांनी सपाट टेबल काढून टाकलं आणि उघडा सांगाडा घेतला, ज्यावर रूळ आधी चढतात आणि जमीन नंतर येते. बदल साधा वाटतो, पण त्यामुळे जमीन सहज रुळांच्या खाली उतरू शकली. सपाट टेबलावर डोंगर वर चढवता येतो, दरी खोदता येत नाही. आणि खऱ्या रेल्वेला तर भराव, खोदाई आणि पूल यांच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. जाळीच्या जागी त्यांनी चुरगळलेल्या वर्तमानपत्रांवर कडक प्लास्टरमध्ये भिजवलेले कागदी टॉवेल पसरले. वाळल्यावर खालचा कागद काढून घ्यायचा. काही मिलिमीटर जाडीचं कवच स्वतःच्या बळावर उभं राहतं.

जमीन झाली, आता गवत. इथं आपल्याकडच्या दिवाळीतल्या किल्ल्यावर हाळीव पेरणाऱ्या कुणालाही अडचण लगेच कळेल: गवत खरं असतं, आणि म्हणूनच खोटं दिसतं, कारण ते मावळ्याच्या कमरेला लागतं. लहान प्रमाणात खरी वस्तू बहुधा नापास होते. म्हणून सुताराकडचा भुसा आला, हिरवा रंगवलेला. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातलं दगडफूल ग्लिसरीनमध्ये मऊ ठेवून झुडपं झाली. इंग्लंडमधल्या मॉडेलकारांनी प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तो काथ्या गवती छपरांना लावला. नेपल्सच्या बाहुल्यांचं अंग ज्या जातीच्या धाग्याचं होतं, तोच. १९७०च्या दशकात गादीतला फोम दळून, रंगवून पिशव्यांत विकायला सुरुवात झाली आणि भुसा मागे पडला. फोमचा कण अनियमित असतो, प्रकाश अडवतो, म्हणून तो पानोळ्यासारखा दिसतो.

१९८२ साली डेव्ह फ्रेरी यांचं खराखुरा देखावा कसा करायचा यावरचं पुस्तक आलं आणि घराघरांतली रीत ठरली: सगळं पाण्यात विरघळणारं. भिंतीला लावतात तो रंग, पाण्यात पातळ केलेला सुताराचा पांढरा डिंक आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर डिंकाचा थेंब पावडरीवर गोळी होऊन बसतो. साबणानं पृष्ठताण तुटला की तो आत झिरपतो आणि कण हलत नाहीत. स्वस्त, न जळणारं आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली धुता येणारं हे तंत्र असल्यामुळे छंद कार्यशाळेतून घरात शिरला.

शेवटचा मोठा बदल कापडधंद्यातून आला. मखमलीसारखा लवदार पृष्ठभाग करायला विजेच्या दाबानं तंतू उभे करण्याची युक्ती तिथं जुनीच. तीच हातात धरायच्या छोट्या यंत्रात आली. डिंक लावलेल्या जमिनीला एक तार जोडायची, यंत्रातून नायलॉनचे तंतू झटकायचे, आणि काही हजार व्होल्टच्या दाबानं प्रत्येक तंतू सुईसारखा उभा राहतो. दोन मिलिमीटरचा तंतू म्हणजे १:८७ला सुमारे साडेसतरा सेंटिमीटर, म्हणजे चरलेलं कुरण. सहा मिलिमीटरचा म्हणजे अर्धा मीटर, म्हणजे रुळांकडेचं माजलेलं तण. गवत पहिल्यांदाच मापात आलं आणि उभंही राहिलं.

झाडांचं मात्र अजून जमलेलं नाही, आणि ते बहुधा मुद्दामच. पंचवीस मीटरचं झाड १:८७ला जवळजवळ एकोणतीस सेंटिमीटरचं होतं. बहुतेक लेआउटवर दहा-पंधरा सेंटिमीटरचीच झाडं असतात, कारण खऱ्या उंचीच्या झाडांखाली डोंगर टेकडीएवढा आणि गाडी किड्याएवढी दिसू लागते.

टेबलाचे पाय

फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी १६ ऑगस्ट २००१ रोजी हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामांच्या वस्तीत ‘मिनिआटूर वुंडरलांड’ उघडलं. दोन्ही घराणी एका छपराखाली आणणारा हा सगळ्यात मोठा कारखाना. तिथल्या स्कँडिनेव्हियाच्या विभागात सुमारे तीस हजार लिटर खरं पाणी आहे. २००७ साली उघडलेला स्वित्झर्लंडचा विभाग दोन मजल्यांतून चढतो. २०११ पासून विमानतळावरून विमानं उडतात आणि उतरतात. आणि दर पंधरा मिनिटांनी दिवस मावळून रात्र होते, गीरिंगर यांच्याकडे होत असे तशीच. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली सुरू केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. तिथल्या गाड्याही रस्ते, दिव्यांचे खांब आणि पूल असलेल्या शहरातून धावतात. जागा लहान असली तरी हिशेब तोच.

आता ड्रोनच्या मोजणीवरून उतार थेट संगणकात घेता येतात आणि घरं छापून काढता येतात. माप इतकं स्वस्त कधीच नव्हतं. त्यामुळे काय मोजायचं यापेक्षा काय गाळायचं, हाच प्रश्न जास्त अवघड झाला आहे. मोजलेला मॅटरहॉर्न तेहतीस मीटरचाच येणार आणि छत सहा मीटरवर संपणार.

त्याचं उत्तर बरंचसं पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर ठरतं. लेआउट कमरेच्या खाली असेल, तर आपण राजासारखे वरून पाहतो. गावाचा आराखडा, छपरं, दोन गावांतलं अंतर, सगळं उघडं पडतं आणि तिथं मापाशी लबाडी केली की लगेच पकडली जाते. तोच लेआउट सव्वा मीटरवर नेला, तर डोळा गाडीच्या खिडकीशी येतो. पुढचं टेकाड मागचं वळण झाकतं, सहा मीटरही लागत नाहीत, दीड वीत उंचीचा कडाही आभाळाला भिडतो, आणि भिंतीवरचं रंगवलेलं क्षितिज खरं होतं. म्हणून अनुभवी मॉडेलकार नवा लेआउट सुरू करणाऱ्याला प्लास्टर, फोम किंवा गवताबद्दल सांगण्याआधी विचारतात, की टेबलाचे पाय किती लांब ठेवणार. त्या एका मापावरून बाकीच्या कुठल्या मापांना सोडचिठ्ठी द्यायची ते ठरतं.